कोंडिबाला लपवलं ते तीन दिवस

“क्वाबेना ओफोरी इथेच राहतात का?”

त्या माणसानं हे विचारलं तेव्हा मी तालमीच्या पायरीवर बसून बुटाच्या स्टडमधली माती काडीनं उकरत होतो. मान वर केली. पन्नाशीचा गृहस्थ. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, बगलेत चामडी पिशवी. मला पहिला संशय आला तो त्या ‘राहतात’वरून. कोल्हापुरात, निदान आमच्या पेठेत तरी, फुटबॉल खेळणाऱ्याला कुणी अहोजाहो करत नाही. गोल मारला तर ‘वाघ हाय त्यो’ आणि चुकवला तर घराण्याचा उद्धार, एवढ्या दोनच पदव्या आमच्याकडं आहेत.

“कोण क्वाबेना?”

“आफ्रिकेतले खेळाडू. घाना देशाचे. गेल्या सीझनला तुमच्याकडून खेळले.”

“हां, कोंडिबा व्हय! त्यो बेळगावला गेलाय. लग्नाला.”

“कुणाच्या लग्नाला?”

इथं मी जरा अडकलो. मग म्हणालो, “मावसभावाच्या.”

घानाच्या माणसाचा मावसभाऊ बेळगावात बोहल्यावर चढतोय, हे ऐकून त्या गृहस्थानं माझ्याकडं नीट पाहिलं. पण तो सभ्य होता. खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं, “आले की मला फोन करायला सांगा, खूप गरजेचं आहे,” म्हणाला आणि रिक्षात बसून गेला. कार्डावर इंग्रजीत नाव होतं, फुर्तादो. खाली गोव्यातल्या एका मोठ्या क्लबाचं नाव आणि दोन फोन नंबर.

मी कार्ड वाचलं आणि मला हसू आलं. पाणंद तालमीचं एवढं डोकं चालायला लागलं म्हणायचं!

हे कळायला आमची पद्धत माहीत पाहिजे. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. ज्या तालमीत आजोबांनी कुस्ती केली त्याच तालमीचा शर्ट घालून नातू फुटबॉल खेळतो. आमची उंबरकट्टा तालीम, आणि दोन गल्ल्या सोडून पाणंद तालीम. सीझनच्या आधी तीन दिवस खेळाडूंची नोंदणी असते. एकदा सही झाली की वर्षभर माणूस त्या तालमीचा. त्यामुळं या तीन दिवसांत चांगला खेळाडू कुणी घरी ठेवत नाही. तो लपवायचा असतो. एका वर्षी आमचा गोलकीपर मामाच्या माळ्यावर कांद्यात राहिला होता. पाणंदचा एक विंगर तर आम्ही त्याच्या साखरपुड्यातून उचलून आणला होता, सासऱ्यासकट. आणि पाणंदच्या सुतारांचा छापखाना होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या स्टॉपरला मुंबईच्या क्लबाचं खोटं पत्र छापून दाखवलं होतं. तेव्हा कार्ड बघून मी फसणार नव्हतो. मी धैर्यशील तिवले, उंबरकट्ट्याचा जुना सेंटर फॉरवर्ड, दूध संघातला कारकून. नाव वडिलांनी ठेवलं. त्यांना पुढचं काय माहीत.

‘जुना’ हा शब्द नीट सांगायला हवा. आठ वर्षं नऊ नंबरचा शर्ट माझ्या अंगावर होता. आठ वर्षांत मी एकवीस गोल केले, त्यातले दोन पाठीला बॉल लागून. गेल्या वर्षी कमिटीनं कोलकात्याहून एक घानाचा खेळाडू आणला आणि अध्यक्ष राजाभाऊ बोंद्रे मला म्हणाले, “धैर्या, नऊ नंबर काढ. आणि तुझ्या घरची वरची खोली मोकळी हाय न्हवं? त्याला तितं ठेव. तुला इंग्लिश येतंय.” म्हणजे शर्ट गेला तो गेला, वर तो घालणाऱ्याला रोज सकाळी चहाही नेऊन द्यायचा.

मी त्याचा राग करायचं ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं. पण तो आल्यावर पंधरा दिवसांत त्याला सणकून ताप आला, आणि माझी आई तीन दिवस त्याच्या उशाशी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या घेऊन बसली. सारखं आपलं, “उतरला का रं ताप? उतरतोय बघ, उतरतोय.” ताप उतरल्यावर त्यानं पहिली हाक मारली ती ‘आई’. माझी आई तेव्हापासून भाकरीचा पहिला पापुद्रा त्याच्या ताटात टाकायला लागली. पेठेनं क्वाबेनाचा कोंडिबा करून टाकला. सीझनमध्ये त्यानं सतरा गोल मारले. मी बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. पहिल्या दोन-तीन गोलांना जरा उशिरा वाजवल्या, एवढंच.

कोंडिबाला अठ्ठाविसावं चालू होतं. अकरा वर्षं तो देशोदेशी खेळत होता. लिबिया, मग ढाका, मग कोलकाता. ढाक्याच्या विमानतळावर एजंट त्याला दोन दिवस विसरून गेला होता. कोलकात्यात ज्या क्लबाचं नाव सांगून आणलं त्या क्लबाला याचा पत्ताच नव्हता. त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. एका खऱ्या क्लबात जागा. जिथं करार असतो, डॉक्टर असतो, सीझन संपला तरी तुमचं नाव माहीत असतं. स्वतःच्या गोलांची एक सीडी करून त्यानं गोव्याच्या चार क्लबांना पाठवली होती. माझ्या घरी फोन होता. रोज कामावरून आलो की तो जिन्यात उभा असे.

“फोन आला?”

“नाही आला.”

“तिशी झाली की सीडी कुणी उघडत नाही, धैर्या,” असं तो म्हणायचा आणि पुन्हा वर जायचा. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. ते इथं मराठीत सांगतोय, त्यामुळं माझी अब्रू शाबूत राहतेय.

आता एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाच्या हातात गोव्याच्या क्लबाचं कार्ड आलं तर त्यानं काय करावं? कुणीही सांगेल. मी काय केलं, तर कार्ड पाकिटात घातलं, धावत राजाभाऊंकडं गेलो आणि म्हणालो, “पाणंदवालं आल्यात. गोव्याचं सोंग घेऊन.”

राजाभाऊंनी माझी पाठ थोपटली. पेठेत निरोप फिरला. दुपारी बारा वाजता मी दूध संघाच्या टेम्पोत रिकाम्या कॅनच्या मधोमध कोंडिबाला बसवलं, वर ताडपत्री टाकली आणि माझ्या दौलूमामाच्या गावाला, त्याच्या गुऱ्हाळावर घेऊन गेलो. सहा फुटांचा माणूस कॅन अंगावर पडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला होता. ताडपत्री काढली तेव्हा तो हसत होता.

“कुणापासून लपतोय आपण?”

“शत्रूपासून.”

“शत्रूला काय पाहिजे?”

“तू.”

“आणि तुम्हाला?”

“तूच की.”

यावर तो इतका हसला की दौलूमामा चुलाणाजवळून बघायला आला. “अकरा वर्षांत मला सगळीकडं विसरून गेलेत,” तो म्हणाला. “लपवलं कुणी नव्हतं.”

ते ऐकून माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो.

दोन दिवस मजेत गेले. पहाटे उठून कोंडिबा उसाच्या बांधावरून पळायचा आणि गुऱ्हाळावरचे गडी मोळ्या खाली ठेवून त्याच्याकडं बघत राहायचे. दौलूमामानं त्याला काकवी पाजली, गरम गूळ खाऊ घातला, मळीचं फावडं हातात दिलं. तिकडं पेठेनं कामगिरी बजावली होती. तो माणूस दुसऱ्या दिवशीही आला होता म्हणे. पानपट्टीवाल्यानं त्याला सांगितलं कोंडिबा रत्नागिरीला गेलाय, न्हाव्यानं सांगितलं सांगलीला, आणि माझ्या आईला कुणीच काही सांगितलं नव्हतं, तरी तिनं दार किलकिलं करून, “असलं कुणी हितं ऱ्हात न्हाई,” असं सांगून दार लावून घेतलं. दारात त्याचे तेरा नंबरचे बूट वाळत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी, नोंदणीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला ऑफिस बंद, चारला जाऊन सही करायची असं ठरलं होतं. आम्ही फडक्यावर बसून भाकरी खात होतो. आता जिंकल्यातच जमा, म्हणून मी दौलूमामाला पाणंदची फजिती रंगवून सांगत होतो. सांगता सांगता पाकिटातून कार्ड काढलं.

“हे बघ की मामा. कार्ड छापलंय लेकांनी! गोव्याचं!”

मामानं चष्मा नाही म्हणून ते कोंडिबाकडं दिलं.

कोंडिबा हसतच वाचायला लागला. मग त्यानं भाकरी फडक्यावर ठेवली. हात पँटला पुसले आणि कार्ड पुन्हा वाचलं.

“हा नंबर,” तो म्हणाला, “मला पाठ आहे. सीडी पाठवली तेव्हा मी याच नंबरवर फोन केला होता.”

मला अजूनही नीट कळलं नव्हतं. म्हणजे कळलं होतं, पण मी कळू देत नव्हतो. “पाणंदवाल्यांनी नंबर बी शोधला वाटतं,” मी म्हणालो.

“धैर्या. हा माणूस दिसायला कसा होता?”

मी सांगितलं. पांढरा शर्ट, पिशवी. ‘राहतात’ म्हणाला, हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक बारीक होत गेला.

तो ओरडला नाही. उठला आणि म्हणाला, “फोन कुठं आहे?”

गुऱ्हाळावर फोन नव्हता. मामानं ट्रॅक्टर काढला. चार किलोमीटरवर गावात एसटीडी बूथ होता. सगळ्या रस्त्यानं मी मडगार्ड धरून बसलो होतो आणि माझ्या डोक्यात एक हिशोब फिरत होता. मला फक्त पत्ता सांगायचा होता. ‘वरच्या खोलीत आहे, हाक मारतो,’ एवढं म्हणालो असतो तर कोंडिबा गोव्याला गेला असता आणि नऊ नंबर परत माझ्या अंगावर आला असता. वर्षभर मनातल्या मनात जे मागत होतो ते पांढरा शर्ट घालून तालमीच्या पायरीशी आलं होतं, आणि मी त्याला बेळगावला धाडलं होतं. स्वार्थ साधायलासुद्धा अक्कल लागते, आणि माझ्याकडं तीही नव्हती.

फोन लागला. कोंडिबा काचेच्या आत, मी दारात. तो “येस सर, येस सर” म्हणत होता. मग त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. त्याचे डोळे चमकत होते.

“अजून जागा आहे. दुसरा एक खेळाडू आज संध्याकाळी सही करणार आहे. पण हा म्हणतो, तुमच्या गावात पाच माणसांनी मला पाच गावं सांगितली. असा गायब होणारा खेळाडू कोचला काय सांगून देऊ? तुझ्या तालमीतलं जबाबदार कुणी असेल तर दे, तो सांगू दे तू कुठं होतास. मी सांगितलं, माझा भाऊच इथं उभा आहे.” आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. “खरं सांग. बस.”

“हॅलो,” मी म्हणालो.

“तुम्ही बूट घासत होता, तेच ना?” फुर्तादो मराठीत म्हणाले. अगदी शांतपणे. “मला एकच सांगा. तीन दिवस हा कुठं होता? पितो काय? कुणाशी भांडण केलं? खरं सांगा, मी सांभाळून घेईन. मला मुलगा आवडलेला आहे.”

मला म्हणायचं होतं एवढंच की साहेब, आम्ही त्याला लपवला. तुम्हाला पाणंदवाले समजलो. चूक माझी. तीन वाक्यं. इंग्रजीचीही गरज नव्हती.

आणि त्या क्षणी, मला लाज वाटते पण खरं तेच सांगतो, मला कोंडिबा दिसला नाही. मला पाणंदचा कट्टा दिसला. उंबरकट्ट्यानं गोव्याच्या क्लबाला पाणंद समजून आपलाच खेळाडू गुळात बुडवला, ही गोष्ट गोव्याहून कोल्हापुरात यायला किती वेळ लागणार! पाणंदवाले दहा वर्षं हसणार. मॅचला बोर्ड घेऊन येणार. आणि बोर्डवर माझं नाव असणार.

“गुडघा,” मी म्हणालो. “त्याचा गुडघा दुखावलाय साहेब. औषधाला घेऊन आलोय खेड्यात. म्हणून कुणाला सांगितलं न्हाई.”

मराठीत बोलतोय, म्हणजे कोंडिबाला कळणार नाही, असा माझा समज होता.

“गुडघा,” फुर्तादो म्हणाले. “कोणता?”

“उजवा.” तेही सांगून टाकलं.

“अरेरे. आधी सांगितलं असतं तर मी हेलपाटा घातला नसता. त्याला म्हणावं काळजी घे. देव बरें करूं.”

कोंडिबानं माझ्या हातातून रिसीव्हर ओढला. “सर, माय नी इज गुड! सर!” तो ओरडत होता, पण फोन ठेवलेला होता. त्यानं पुन्हा लावला. उचलला नाही. परत लावला. बूथवाला घड्याळाकडं बघायला लागला.

मग तो बूथमधल्या स्टुलावर बसला. वर्षभर आमचे वस्ताद मैदानाच्या कडेनं ‘गुडघं वर, गुडघं वर’ असं ओरडत त्याला पळवत होते. तालमीत राहून त्याला चाळीसेक मराठी शब्द आले असतील, त्यात हा पहिल्या पाचात होता. तो आपल्या उजव्या गुडघ्याकडं बघत बसला. धडधाकट गुडघा. मी काहीतरी बोलायला लागलो, तालमीची इज्जत वगैरे, तर त्यानं हात वर केला. आणि मराठीत बोलला, माझ्या आईच्या तोंडचं मराठी.

“ताप म्हणायचं,” तो म्हणाला. “ताप उतरतो.”

एवढंच. ट्रॅक्टरवर नाही, एसटीत नाही, त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. खेळाडूच्या गुडघ्याची बातमी कशी फिरते हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी आठ वर्षं सेंटर फॉरवर्ड होतो. गोवा केवढं? चार क्लबांची माणसं एकाच मैदानाच्या कडेला उभी असतात. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्याची सीडी कुणी उघडली नाही.

चार वाजता आम्ही नोंदणीच्या ऑफिसात पोचलो. बाहेर पाणंदचे लोक खरंच उभे होते. कोंडिबानं उंबरकट्ट्याच्या नावापुढं सही केली आणि हलगी वाजायला लागली. राजाभाऊंनी गुलालाची मूठ माझ्या डोक्यावर रिकामी केली. “ह्येला म्हणायचं डोस्कं! पाणंदला पाणी पाजलं धैर्यानं!” पोरांनी मला खांद्यावर घेतलं. आठ वर्षांत गोल करून जे जमलं नाही ते त्या दिवशी जमलं. मी खांद्यावरून खाली बघत होतो. कोंडिबा कडेला उभा होता, त्याच्याही कपाळाला कुणीतरी गुलाल फासला होता. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. एक शब्द बोलला असता तर लोकांनी मला तिथंच खाली टाकलं असतं. मी वाट बघत होतो की त्यानं बोलावं. तो नाही बोलला, आणि मी गुलाल पुसलाही नाही.

आणखी दोन सीझन तो आमच्याकडं खेळला. जेवायला खाली यायचा, आईशी बोलायचा, मला ताट सरकवायचा. जिन्यात उभं राहून ‘फोन आला?’ असं मात्र पुन्हा कधी विचारलं नाही. मग तो घानाला परत गेला. तिथं कुमासी शहरात एका शाळेत पोरांना फुटबॉल शिकवतो. इकडं मी शर्ट ठेवून दिला आणि यथावकाश तालमीचा सेक्रेटरी झालो. आता कुणी अनोळखी माणूस आमच्या खेळाडूची चौकशी करत आला तर मी त्याला पत्ता देतो, फोन नंबर देतो, आणि वेळ असेल तर माझ्या गाडीवर बसवून दारापर्यंत सोडतो. कमिटीतली नवी पोरं मला फितूर म्हणतात. राजाभाऊंना शेवटपर्यंत वाटत होतं की वयामुळं माझं डोकं फिरलंय.

कोंडिबा आईला फोन करतो. आधी वर्षाकाठी एखादा, मोबाइलवर चेहरे दिसायला लागल्यापासून दर मंगळवारी. मंगळवारी जन्मला म्हणून तो क्वाबेना, हे आईनंच मला सांगितलं. मला एवढ्या वर्षांत विचारायचं सुचलं नव्हतं. आई पंच्याऐंशीची आहे. तिची कोल्हापुरी आणि त्याचे चाळीस शब्द, दोघं अर्धा अर्धा तास बोलतात. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो. सतरा वर्षं मी तो पेपर वाचतोय.

गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याच. डॉक्टर म्हणाले झीज आहे, फुटबॉल खेळलेल्यांना होते. मी त्यांना सांगितलं नाही की मी जास्त करून बाकावर बसलो होतो. मंगळवारी मी कॉटवर पाय लांब करून पडलो होतो. आई मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, “तुला बलीवतोय,” आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडासमोर धरला.

केस पांढरे झाले होते. चष्मा लागला होता. मागं कुठंतरी पोरांचा कालवा चालू होता.

“काय झालं, धैर्या?” त्यानं मराठीत विचारलं.

एकोणीस वर्षं जी तीन वाक्यं माझ्या तोंडात होती ती आता बाहेर काढायची असं मी ठरवलं. साहेब, आम्ही त्याला लपवला. चूक माझी. पण तोंडातून आलं ते एवढंच.

“गुडघा,” मी म्हणालो. आणि मला रडू आलं. आईसमोर, पन्नाशीत, पाय लांब करून.

तो मागच्या पोरांवर एकदा त्यांच्या भाषेत ओरडला, बहुतेक गप्प बसा म्हणून. मग चष्मा काढून मोबाइलच्या अगदी जवळ आला.

“गुडघा न्हवं, लेका,” तो म्हणाला. “ताप म्हण. उतरतोय बघ, उतरतोय.”